वरच्या मजल्याची वायर

भाऊजी,

तुमची तेरवी होऊन आज चार दिवस झाले. भंडाऱ्याचे, गोंदियाचे पाहुणे गेले. अंगणातला मांडवही काल सोडून नेला. दुपारची वेळ आहे, मी वरच्या खोलीत वही घेऊन बसले आहे. या घरात मराठी वाचणारे तुम्हीच एक होता. तुमच्या भावाचे डोळे आता अक्षरावर ठरत नाहीत, तुमच्या सुनंदाला वाचायचा कंटाळा, आणि इथल्या हिंदी शाळांत शिकलेली आपली पोरं मराठी बोलतात खरी, पण वाचायला बसली की पहिल्या जोडाक्षराशी अडखळतात. म्हणजे हे ज्याच्यासाठी लिहिते आहे तो नाही, आणि दुसरं कोणी वाचणार नाही. तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

भेटायला आलेले लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. प्लांटमधले तुमचे सोबती म्हणाले, कुठलाही बिघडलेला मीटर यांच्या हातात आला की सुधारूनच जायचा. मी मान हलवली. मला तुमचं प्लांटमधलं काही ठाऊक नाही. मला ठाऊक आहेत ते या वैशाखातले पंधरा-वीस दिवस. तुमच्या आणि माझ्यातली एवढीच गोष्ट तुमच्या भावाला सांगितलेली नव्हती, आणि तिचंच आता मला ओझं झालं आहे.

तुम्ही दोघं भाऊ सहा वर्षं एकमेकांशी बोलला नाहीत. खाली तुम्ही, वर आम्ही, मध्ये अठरा पायऱ्यांचा जिना. माई, माझ्या सासूबाई, गेल्या तेव्हापासून. यांचं म्हणणं होतं आजारी माईंना नागपूरच्या दवाखान्यात हलवायचं, तुम्ही म्हणालात एवढा रस्ता तिला झेपणार नाही. तिसऱ्या दिवशी माई गेल्या. तेरवीला, सगळ्या गोतावळ्यासमोर, याच अंगणात हे उभे राहिले आणि म्हणाले, "माईले यानं मारलं." तुम्ही हातातली पत्रावळ खाली ठेवली आणि आत गेलात. उलट एक शब्द बोलला नाहीत. मला वाटायचं, बोलायला पाहिजे होतं. भांडण झालं असतं, दोघं दोन दिवस फुरंगटून बसले असते, आणि मिटलं असतं. तुमच्या गप्प राहण्यानं ते सहा वर्षं पुरलं.

तोवर टीव्ही एकच होता, खाली माईंच्या खोलीत. सगळे तिथेच बसायचो. भांडणानंतर यांनी वर वेगळा टीव्ही घेतला, वेगळा सेटटॉप बॉक्स घेतला. गच्चीवर डिशची छत्री मात्र तीच, दोघांनी मिळून बसवलेली. सुपेल्याच्या बाजारातून एक मिस्त्री आला, छत्रीवरून खाली जाणारी वायर त्यानं मध्येच कापली, तिथं चांदीच्या रंगाची एक डबी लावली आणि एका वायरीच्या दोन केल्या. एक खाली, एक आम्हाला. अर्ध्या तासात काम करून तो गेला. चित्र आलं. हे म्हणाले, "झालं. आता कोणाच्या दारात जायचं काम नाही."

तेव्हापासूनच संध्याकाळी काही चॅनेल जायचे. पण तेव्हा हे कामावर जात होते, टीव्हीकडे लक्ष कोण देतो! अडीच वर्षांमागे यांना लकवा झाला आणि सगळं बदललं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली होती, ती हळूहळू परत आली. आमचा पोरगा सागर नोकरीसाठी बाहेरगावी. दिवसभर घरात मी, हे आणि तो टीव्ही. सात वाजताच्या मराठी बातम्या लागल्या की हे जरा माणसात यायचे. भंडाऱ्याचं नाव आलं, पवनीचं नाव आलं की मला स्वयंपाकघरातून हाक मारायचे. आणि नेमकं सातलाच पडद्यावर काळं व्हायचं. "सिग्नल नाही."

दोनदा मिस्त्री बोलावला. तो दुपारी यायचा, तेव्हा सगळं व्यवस्थित. "आंटी, सिग्नल तो फुल है," म्हणून जायचा. संध्याकाळ झाली की पुन्हा तेच. यांनी त्यातून आपला हिशोब लावला.

"मिस्त्री असला का बरोबर चालते. तो गेला का बंद. म्हंजे खालून करून राहिले."

"कोण करून राहिलं?"

"तुले माहीत नाही कोण? तोच. मीटरवाला."

एकदा तर खिडकीशी खुर्ची ओढून घेतली आणि खाली तुमच्या अंगणाकडे तोंड करून ओरडले. बोबडं, अर्धवट, पण सगळ्या गल्लीला कळेल असं. तुम्ही तेव्हा गाडी पुसत होता. मान वर केली नाहीत. फडकं पिळलंत आणि पुन्हा पुसायला लागलात.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी थांबले. तुमची त्या आठवड्यात पहिली पाळी होती, सव्वादोनला तुम्ही आलात. उन्हानं तोंड तांबडं झालेलं. मी म्हणाले, भाऊजी, एक विचारायचं आहे, रागवू नका. तुम्ही गाडी बंद केलीत. मी सगळं सांगितलं. सांगता सांगता मला लाज वाटली, कारण मी स्वतःसुद्धा अर्धं मानून बसले होते की तुम्हीच काही करत असाल. तुम्हाला ते कळलं असणार. तुम्ही एवढंच विचारलंत, "कोणते चॅनेल जातात, वहिनी?"

"बातम्यांचं जाते. अजून दोन-तीन."

"भजनाचं?"

"ते... नाही जात वाटते."

"वाटते नको. अंदाजानं बिघाड सापडत नाही. आठ दिवस लिहून ठेवा. किती वाजता गेलं, कोणतं गेलं, कोणतं राहिलं, परत कवा आलं."

मी आठ दिवस लिहिलं, भाऊजी. मॅट्रिकनंतर एवढ्या नेमानं मी काही लिहिलं नव्हतं. सात वाजून दोन मिनिटं, बातम्या गेल्या, भजन आहे. साडेसात, बातम्या आल्या. आठ, पुन्हा गेल्या. कागद भाजीच्या पिशवीत घालून तुमच्याकडे दिला. तुम्ही तो जिन्याखाली उभ्यानं वाचलात आणि म्हणालात, "एक नंबर. आमच्या शॉपमधले पोरं असं लिहीत नाहीत." मला किती बरं वाटलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझ्या कामाला एक नंबर म्हणणारं या घरात दुसरं कोणी नव्हतं.

मग तुम्ही सुटीच्या दिवशी गच्चीवर चढलात. मी मागून पाण्याचा तांब्या घेऊन आले. हे खोलीतून ओरडले, "वर कोण आहे?" मी म्हटलं, "पूर्वा आहे, कपडे वाळू घालते." तुमच्या पोरीच्या नावावर माझी पहिली थाप. तुम्ही छत्रीचे नट हलवून पाहिले, घट्ट होते. वायरीची पिन उघडलीत तर आत पाणी शिरून तांब्याची तार हिरवी पडलेली. तेवढा भाग कापला, नवी तार सोललीत, नवी पिन बसवलीत, वरून रबरी पट्टी गुंडाळलीत. पक्कड मी धरली होती. ती उन्हानं इतकी तापली होती की मी पदरात धरली. तुम्ही म्हणालात, वहिनी, खाली जा, चक्कर येईल. मी गेले नाही. सहा वर्षांत तुमच्याशी इतका वेळ मी कुठे बोलले होते?

त्या दिवशी तुम्हाला आठवण करून दिली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही अकरावीत. नंदिनीच्या खाणीजवळच्या क्वार्टरमध्ये आपण सगळे. मला हिंदीचं अक्षर येत नव्हतं, पवनीजवळच्या खेड्यातली मी. तुम्ही मला बाजारात घेऊन जायचे आणि शिकवायचे, "म्हणा, भैया, ठीक-ठीक लगाओ." मी म्हणायची, आणि भाजीवाला हसायचा, आणि तुम्ही त्याच्याशी भांडायचे, हमारी भाभी पे हँसता है क्या. गच्चीवर हे आठवून तुम्ही हसलात. मग म्हणालात, "दादा तवा मले मारायचा, तुमाले बाजारात फिरवतो म्हून." दादा म्हणालात. त्या शब्दाशी तुम्ही थोडे थांबलात, आणि पुन्हा पिन आवळायला लागलात.

पिन बदलूनही सात वाजता चॅनेल गेलेच. मग तुम्ही छत्रीसमोरच्या दांडीवरचा तो पांढरा डबा, एलएनबी का काय म्हणतात तो, बदलून पाहिलात. तरी तेच. मी निराश झाले. तुम्ही नाही. तुम्ही माझा आठ दिवसांचा कागद पुन्हा काढलात आणि सुनंदाला विचारलंत, तू सातला काय पाहतेस?

त्या दुपारी हे आतल्या खोलीत झोपले होते. मी वरच्या टीव्हीसमोर, सुनंदा खालच्या, आणि तुम्ही जिन्याच्या मधल्या पायरीवर. आवाज दबका ठेवून तुम्ही वर-खाली विचारत होता. "वहिनी, बातम्या आहेत?" आहेत. "सुनंदा, तुही मालिका लाव." सुनंदानं लावली, आणि माझ्यासमोरच्या बातम्या गेल्या. "बंद कर." आल्या. "लाव." गेल्या.

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. हे म्हणत होते ते खरंच निघालं होतं. खालचा टीव्हीच वरचा बंद करत होता. सुनंदा तावातावानं जिन्यात आली. "म्हंजे आमीच चोर का? अन् आमचं जाते त्याचं काय?"

तुम्ही म्हणालात, "आपलं काय जाते?"

"चार वर्षांपासून सांगून राहिली तुमाले! सकाळी वरून भजन लागलं का माहं रेसिपीचं चॅनेल जाते. तुमी म्हणता कचरा बसला असन. मी समजत होती, वरून मोठे भाऊजीच काहीतरी करतात!"

तुम्ही मला भजन लावायला सांगितलंत. सुनंदा खाली धावली. तिचं रेसिपीचं चॅनेल गेलं होतं. ती परत आली, माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी जावा पदराचे बोळे तोंडात कोंबून हसलो, आत झोपलेला माणूस उठू नये म्हणून. हसता हसता सुनंदा रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. इतकी वर्षं तिनं वर बघून बोटं मोडली, आम्ही खाली बघून.

तुम्ही आम्हाला ती डबी दाखवलीत. म्हणालात, बॉक्स वायरीतून छत्रीकडे वीज पाठवतो, काही चॅनेल मागायला तेरा व्होल्ट, काही मागायला अठरा. दोन्ही बॉक्स एकाच वायरीला जोडले, की ज्यानं अठरा पाठवले त्याचं चालतं, आणि तेरावाल्याचे चॅनेल जातात. कोणी काही केलेलं नव्हतं. मिस्त्रीनं त्या दिवशी घाईत स्वस्तातली डबी लावली होती, एवढंच. "दोन तोंडांचा एलएनबी लागते," तुम्ही म्हणालात. "दोघाईची वायर येगळी. मंग कोणाचं कोणाले लागत नाही."

दुसऱ्या दिवशी सुपेल्यातून तो आणलात. भर दुपारी गच्चीवर बसवलात आणि वायर आमच्या खिडकीतून आत घ्यायला म्हणून तुम्ही सहा वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात पाऊल टाकलंत. चपला दाराबाहेर काढल्यात. टीव्हीला वायर लावून, आकडे बघून झाले. तरी तुम्ही निघेनात. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तुम्ही तिथं जाऊन उभे राहिलात. हे झोपले होते, तोंड उघडं, उजवा हात खाटेखाली लोंबत होता. व्यायाम करवणाऱ्या मुलीनं बजावलं होतं, हात लोंबू द्यायचा नाही, खांदा उतरतो. मी पुढे होणार, तेवढ्यात तुम्ही वाकलात. दोन्ही हातांनी तो हात उचललात, उशीवर ठेवलात, बोटं एक-एक सरळ केलीत. यांना जाग आली नाही. तुम्ही आले तसे गेलात. चपला हातात घेऊनच जिना उतरलात.

मी तुमच्या मागे धावत आले. म्हटलं, आज उठले की सांगते.

"नका, वहिनी."

"कावून?"

"त्याले वाटन, पडला म्हून दया केली. वायर तोडून टाकन. त्याच्या बातम्या जातीन."

"मग कधी सांगायचं?"

"मी सोताच येईन. चांगला दिवस पाहून."

त्या संध्याकाळी सात वाजता बातम्या लागल्या आणि लागलेल्या राहिल्या. दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर. मग हे खूश होऊन म्हणाले, "पाह्यलं? खिडकीतून एक आवाज देल्ला, तं सरळ झाले. घाबरलाच असन तो." भाऊजी, हे मी ऐकलं आणि चहा गाळत राहिले. पुढचे सहा महिने पाहुण्या-रावळ्यांसमोर ही बढाई ऐकली. प्रत्येक वेळी शब्द ओठापर्यंत आले आणि प्रत्येक वेळी तुमचं "नका" आठवलं.

पोळ्याला मी तुम्हाला विचारलं, चांगला दिवस कोणता? तुम्ही म्हणालात, येतो, येतो. दसऱ्याला तुम्ही आपट्याची पानं घेऊन निघालात. मी वर दारात उभी होते, मला सगळं दिसत होतं. निम्म्या जिन्यापर्यंत आलात. आत यांना ठसका लागला, एवढंच, आणि तुम्ही तिथूनच वळलात. त्या दिवशी मी तुमच्यावर चिडले. मागच्या अंगणात येऊन बोलले, माई असत्या तर दोघांच्याही थोबाडीत दिली असती, आणि मी आता तुमच्यामधली निरोप्या होणार नाही. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तो मले माईचा मारेकरी म्हणाला. मी जाईन, पण त्यानं एकदा वर बोलवावं." मी म्हटलं, ते बोलवणार नाहीत. तुम्ही म्हणालात, "मंग मी काहाले जाऊ?" तुमचंही बरोबर होतं हो.

दिवाळीला तुम्ही आला नाहीत. पूर्वाच्या हाती फराळाचं ताट पाठवलंत. मला इतका राग आला की मी ते ताट घासून-पुसून तसंच परत दिलं. रिकामं. कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, चिमूटभर साखर तरी घालायची, हे मला आईनं शिकवलं, माईंनी शिकवलं. मला विसर पडला नव्हता. मी मुद्दाम केलं. तुम्हाला ते कळावं म्हणून केलं. त्यानंतर तुमचं माझं बोलणं झालंच नाही, भाऊजी. बावीस दिवस.

त्या सकाळी मी कणीक मळत होते. पूर्वा वर आली, पायात चप्पल नाही. "मोठ्याई, पापा उठ नहीं रहे. जूते पहन रहे थे." मी हात न धुता धावले. तुम्ही ओसरीवर खुर्चीत होता, एक बूट घातलेला, दुसऱ्याची नाडी बोटांत. शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं. नेताना मी तुमच्या कपाळाला हात लावला, माझ्या हाताची कणीक तुमच्या भुवईला लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिलं आणि नुसती मान हलवली.

यांना मी घरी येऊन सांगितलं. ते खाटेवरून उतरायला लागले. "खाली ने मले." चार जणांनी खुर्चीसकट उतरवलं. तुमच्याजवळ खुर्ची ठेवली. तासभर बसले असतील, तुमच्या तोंडाकडे बघत. डोळ्यांतून टिपूस नाही. बाया कुजबुजल्या, काय दगडाचा माणूस आहे. मलाही तसंच वाटलं आणि यांचा फार संताप आला. अडीच वर्षांमागे, लकवा झाला त्या सकाळी, हे जिन्याच्या वरच्या पायरीवर कोसळले, तिथून तुम्ही त्यांना पाठीवर घेऊन उतरला होता. वाचा परत आल्यावर त्यांनी विचारलं, कोणी आणलं? मी खरं सांगितलं, तर म्हणाले, शेजाऱ्यानं आणलं असन. आणि तो विषय तिथेच संपवला.

तुम्हाला घेऊन गेले, घर रिकामं झालं, तेव्हा उन्हं उतरली होती. मी यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. पिन, पाणी, डबी, तेरा आणि अठरा, खिडकीतून आलेली वायर. तुम्ही दारात उभे राहिलात ते. हात उचललात ते. दसऱ्याचं. सगळं.

हे ऐकत होते. मग म्हणाले, "मले कावून नाही सांगतलं?"

"ते नको म्हणाले."

"अन् तू ऐकलं? माही तं एकही गोष्ट ऐकत नाहीस."

मग त्यांनी विचारलं, "हात कोणता उचलला त्यानं?"

"उजवा."

त्यांनी डाव्या हातानं तो उजवा हात मांडीवर ओढून घेतला. "याले काही समजत नाही वं," म्हणाले. "चटका लागला तरी समजत नाही." आणि मग रडले. लकव्यानं वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं करून, लहान पोरासारखं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मी यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. माई गेल्या तेव्हाही नाही.

तेरवीला त्यांनी पुन्हा खाली न्यायला सांगितलं. पंगत बसायच्या आधी सगळ्यांना थांबवलं. उभं राहायचं म्हणाले, मी एका बाजूनं धरलं. बोलणं अडखळत होतं, पण अंगण चिडीचूप होतं, एक शब्दही कोणाच्या कानांतून सुटला नाही.

"सहा वर्षांआधी इथंच मी बोललो होतो, यानं माईले मारलं. ते खोटं होतं. मले तवाही माहीत होतं. डॉक्टरनं मलेही सांगतलं होतं, नागपूरपर्यंत नाही जगणार म्हून. मी कोणाले सांगतलं नाही. माई गेली तवा मी ड्युटीवर होतो. तिनं याच्या मांडीवर जीव सोडला. माहं नाव घेत होती म्हणे. ते मले सहन नाही झालं."

एवढं बोलून ते बसले. भंडाऱ्याचे काका डोळे पुसायला लागले. कोणीतरी म्हणालं, झालं गेलं, मोकळं झालं मन. सुनंदा वाढायचं भांडं हातात घेऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "आता काय उपयोग, मोठे भाऊजी? ज्यानं ऐकायचं तो तं गेला." आणि आत गेली.

मलाही तिथं उभं राहून काही बोलायला हवं होतं, ते राहिलं. इथं लिहिते. सगळ्यांना मी सांगते, भाऊजी नको म्हणाले म्हणून मी गप्प बसले. ते अर्धंच खरं आहे. मी यांना घाबरत होते, हेही खरं, पण तेवढंच नाही. दुपारी जिन्यात तुमच्याशी, सुनंदाशी चोरून चार शब्द बोलणं, कागद देणं-घेणं, दोन्ही घरांचं मला एकटीलाच ठाऊक असणं, हे मला आवडायला लागलं होतं. तुम्ही दोघं बोलायला लागला असता तर माझी गरज कोणाला राहिली असती? असा विचार मी उघड कधी केला नाही. पण होता तो मनात. तुमच्या "नका"च्या आड मी माझं गप्प राहणं लपवलं. सहा महिने होते माझ्याकडे. एक वाक्य लागलं असतं. भाऊजी, याची माफी मी कोणाकडे मागू?

आता हे रोज सकाळी खाली उतरायचं म्हणतात. खुर्ची नको, पायानं. माझ्या खांद्यावर भार टाकून एक-एक पायरी, अर्धा तास लागतो. तुमच्या ओसरीवर जाऊन बसतात. पूर्वा कॉलेजला जाताना "बड़े पापा, आती हूँ" म्हणते. सुनंदा बोलत नाही. पहिले दोन दिवस ती ओसरीवर आलीच नाही, दाराला कडी घालून आत राहिली.

आज सकाळी कडी निघाली. ती चहाचा कप घेऊन बाहेर आली. यांच्याकडे बघितलं नाही. उजव्या बाजूला स्टूल होतं. तिनं ते उचलून यांच्या डाव्या हाताशी आणून ठेवलं, त्यावर कप ठेवला, कपाचा कान त्यांच्या बोटांकडे येईल असा फिरवला, आणि आत गेली.

यांनी चहा प्यायला. सगळा प्यायला, भाऊजी.